ऊब विजेची, किल्ली विक्रेत्याची

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात असलेल्या खापरखेड्याची ओळख दुरूनच पटते. औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या आणि अहोरात्र वाफ सोडणारे शीतकरण मनोरे ही त्या गावाची खूण होय. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक अशा पाच संचांची मिळून या केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट आहे. तेथे जळणाऱ्या कोळशातील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तेवढा वीज होऊन तारांतून बाहेर पडतो. उरलेली उष्णता मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून हवेत विरून जाते. यात अभियंत्यांचा दोष नाही, तो निसर्गाचा नियम आहे. परंतु एवढी किंमत मोजून तयार केलेली वीज पन्नास-साठ लाखांच्या मोटारीत पुन्हा केवळ ऊब निर्माण करण्यासाठी खर्च होते, आणि ती ऊब देणारे यंत्र बंद पडले तर मोटारीच्या मालकाला त्याची दाद कोठेच लागत नाही, हे ऐकले म्हणजे विचारी माणसाला थबकावेच लागते.

पेट्रोल किंवा डिझेलच्या मोटारीत ऊब जवळजवळ फुकट मिळते. इंजिन तापतेच; त्याला थंड ठेवणारे पाणीही तापते; ते पाणी एका लहानशा जाळीतून फिरवून तिच्यावर पंख्याचा झोत सोडला की काम भागते. बिघाड झालाच तर तो नळीत, थर्मोस्टॅटमध्ये किंवा पंख्यात सापडतो आणि कोणताही अनुभवी मेकॅनिक तो दुपारपर्यंत दुरुस्त करतो. विजेच्या मोटारीत इंजिनच नसल्याने वाया जाणारी उष्णताही फारशी नसते. साहजिकच मुख्य बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालणारा स्वतंत्र हीटर तेथे बसवावा लागतो. अथवा घरच्या फ्रिजचे तत्त्व उलटे वापरून बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढणारा ‘हीट पंप’ लावावा लागतो. पाच किलोवॅटचा हीटर दोन तास चालला तर दहा युनिटे खर्ची पडतात. तेवढ्या विजेत अशी मोठी मोटार सुमारे पन्नास किलोमीटर धावली असती आणि एखाद्या साध्या कुटुंबाचे दोन-तीन दिवस निघाले असते. ‘अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन’ने २०१९ मध्ये घेतलेल्या चाचण्यांत शून्याखाली साडेसहा अंशांच्या सुमारास हीटर चालू ठेवल्यास विजेच्या मोटारींचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटतो असे आढळले.

हा हीटर दगा देतो तेव्हा गैरसोयीपुरते प्रकरण थांबत नाही. समोरच्या काचेवर धुके किंवा हिम साचले आणि ते वितळले नाही, तर चालकाला रस्ताच दिसत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्ला कंपनीला अमेरिकेतील २६,६८१ मोटारींसाठी सुरक्षा-दुरुस्ती जाहीर करावी लागली, ती याच कारणासाठी. हीट पंपातील एक झडप संगणकीय आज्ञावलीतील चुकीमुळे नको तेव्हा उघडत होती आणि काच स्वच्छ करणारी उष्णता अपुरी पडत होती. तेथे काच स्वच्छ राहणे ही कायद्याने घातलेली अट असल्यामुळे कंपनीला दोष मान्य करून बिनतारी मार्गाने सुधारित आज्ञावली पाठवावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत कडाक्याची थंडी पडली, तेव्हा चार्जिंग केंद्रांपाशी विजेच्या मोटारी रांगेने अडकून पडल्या होत्या. ज्यांची मुले-मुली उत्तर अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत, अशा विदर्भातील अनेक घरांत तेव्हा काळजीचे दूरध्वनी झाले असतील.

परंतु नागपूरकराला हीटरचे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता हे खरे. तथापि या जिल्ह्याची खरी परीक्षा उन्हाळाच घेतो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंशांची नोंद झाली. ज्या मोटारीत हीट पंप असतो, तेथे थंडीत ऊब देणारी यंत्रणाच उन्हाळ्यात आतली हवा आणि बऱ्याचदा बॅटरीही थंड ठेवते. ती बिघडली तर चार्जिंग मंदावते, मोटारीची शक्ती आपोआप आखडती घेतली जाते आणि वातानुकूलन बंद पडते. म्हणजे शिकागोच्या जानेवारीत जो दोष थंडीने छळतो, तोच खापरखेड्याच्या मे महिन्यात उन्हाने छळू शकतो.

दोष प्रत्येक यंत्रात उद्भवतात. खरी तक्रार आहे ती त्यानंतर सुरू होणाऱ्या हेलपाट्यांची. उच्च दाबाच्या विजेवर चालणारे भाग उघडण्यास खास प्रशिक्षण लागते. दोष शोधणारी आज्ञावली कंपनीच्या कुलपात असते. सुटे भाग दूरच्या कोठारातून किंवा परदेशातून मागवावे लागतात. त्यामुळे गावातील मेकॅनिक कितीही हुशार असला तरी त्याचे हात बांधलेले राहतात. विक्रेत्याच्या कार्यशाळेचे गणितही समजून घेतले पाहिजे. हमीच्या मुदतीतील कामाचे तास आणि दर बहुधा कंपनीच ठरवून देते. कधी चालणारा आणि कधी बंद पडणारा हीटर तपासण्यात तीन दिवस घालविणे त्या दरात परवडत नाही. मग ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून मोटार परत दिली जाते, ग्राहक पुन्हा येतो आणि हमीची मुदत मात्र सरत राहते. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी विक्रेत्याकडे दाखविते.

नागपूरला हा धडा नवा नाही. २६ मे २०१७ रोजी ओला कंपनीची विजेवरील टॅक्सी-सेवा याच शहरात मोठ्या समारंभाने सुरू झाली. वर्ष उलटण्याच्या आत चार्जिंगसाठी लागणाऱ्या रांगा आणि वाढता खर्च यांना कंटाळलेले काही चालक डिझेलकडे परतण्याची मागणी करू लागले. मोटारी आल्या होत्या, त्यांच्यामागे उभी राहायला हवी ती व्यवस्था आली नव्हती.

श्रीमंतांच्या मोटारीचे दुःख शिक्षकाने, कारकुनाने किंवा विद्यार्थ्याने का वाहावे? याची दोन कारणे आहेत. पहिले असे की या मोटारींना मिळणारी सवलत सर्वांच्या पैशातून दिली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर बसला, तर विजेच्या मोटारींवरील कर ५ टक्क्यांवरच राहिला. तीस लाखांहून महाग विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर बसविण्याचा राज्याच्या अर्थसंकल्पातील प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. समृद्धी महामार्गावरील पथकरातूनही या मोटारींना सूट देण्यात आली. नव्या तंत्राला हात देणे योग्यच आहे. किंबहुना खापरखेड्याची राख अंगावर घेणाऱ्यांनी स्वच्छ हवेच्या धोरणाचे स्वागतच करावे. मात्र जनतेने सवलत द्यायची आणि कंपनीने सेवेची कोणतीही हमी द्यायची नाही, हा व्यवहार एकतर्फी ठरतो.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. मोटारीला लागलेला हा रोग स्कूटरपर्यंत उतरला आहे. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या काळात ओला इलेक्ट्रिकविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी आल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या कंपनीस कारणे दाखवा नोटीस बजावली. ९९.१ टक्के तक्रारींचे निवारण केल्याचे कंपनीने नंतर कळविले. साठ लाखांची मोटार घेणारा वकील लावू शकतो. कर्ज काढून स्कूटर घेणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेज बुडवून कार्यशाळेच्या दारात उभे राहावे लागते.

कायदा अगदीच दुबळा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार दाखल करता येते. खापरखेड्याच्या रहिवाशाला त्यासाठी कंपनीच्या मुख्य कार्यालयाचे गाव गाठावे लागत नाही. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिला असल्यास जिल्हा आयोग आणि त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, अशी विभागणी आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. म्हणूनच प्रत्येक खेपेस जॉब कार्डावर दोष स्वतःच्या शब्दांत लिहून घेणे, तारीख व धाव नोंदविणे आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेराही लेखी मागणे अगत्याचे आहे. कायद्याने प्रयोगशाळेतील तपासणीची सोय केली आहे. पण हिवाळ्यात दिसणाऱ्या दोषाची तपासणी मे महिन्यात झाली तर तिचा निष्कर्ष काय निघेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

तेव्हा शासनाने सवलतीला अटी जोडाव्यात. जेथे मोटार विकली जाते त्या विभागात प्रशिक्षित कारागीर आणि आवश्यक सुटे भाग ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे. ठराविक दिवसांत दुरुस्ती न झाल्यास हमीची मुदत तितकीच वाढावी. काच स्वच्छ ठेवणारी आणि बॅटरीचे तापमान राखणारी यंत्रणा सुरक्षेचा भाग मानून मोटारी परत बोलावण्याचा नियम तिला स्पष्टपणे लागू करावा. दोष शोधण्याची माहिती स्वतंत्र कार्यशाळांना वाजवी दरात मिळावी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ आणि २०२० मध्ये मतदान करून असाच हक्क मिळविला आहे.

खापरखेड्याच्या केंद्रात एखादा संच बंद पडला तर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा लिहून कोणी घरी जात नाही. दोष सापडेपर्यंत माणसे पाळ्या बदलून राबतात, कारण त्या विजेची वाट पाहणारे दिवे दूरवर असतात. त्या विजेवर चालणारी यंत्रे विकणाऱ्यांकडून याहून कमी जबाबदारीची अपेक्षा ठेवण्याचे काहीच कारण नाही.