गरोदरपणातला ‘नॉर्मल’ रिपोर्ट

देवगाव फाट्यावर माझा दवाखाना आहे. सेलू, जिंतूर, मंठा अशा तिन्ही बाजूंच्या गरोदर बाया येतात. रक्तदाब वाढलेला, तोंडावर सूज, आणि सोबतची सासू सांगते, “डॉक्टर, किडनीचं नॉर्मल आलंय.” कागद खोटा नसतो, तो गरोदर बाईसाठी छापलेला नसतो, एवढेच.

गरोदरपणी मूत्रपिंडे जवळपास दीडपट रक्त गाळतात. त्यामुळे क्रिएटिनिन उतरून ०.४ ते ०.८ च्या आसपास येते. कागदावर मात्र बहुधा १.२ पर्यंत नॉर्मल लिहिलेले असते. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईचा आकडा १.१ च्या वर गेला, तर मूत्रपिंडाला इजा झाली असे धरावे लागते.

मूळ दोष वारेत असतो. तिला रक्त कमी पडले की ती आईच्या रक्तात एक प्रथिन जादा सोडते. त्याने रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, मूत्रपिंडातल्या गाळण्या सुजतात आणि प्रथिने लघवीत उतरतात. लघवी तापवल्यावर दिसणारा पांढरा साका तो हाच. गोळ्यांनी रक्तदाब उतरतो; नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा रुग्णालयात सुमारे नऊशे बायांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निफेडिपिन, लॅबेटालॉल, मिथिलडोपा या तिन्ही साध्या गोळ्या उपयोगी ठरल्या. पण वार बाहेर पडल्याशिवाय आजार उतरणीला लागत नाही.

झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. परभणीला पाठवताना पहिला डोस इथेच द्यावा, या मताचा मी आहे. मात्र हे औषध बाहेर पडते ते लघवीवाटेच. लघवी आटली की ते साचते; आधी गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, मग श्वास मंदावतो. म्हणून पुढच्या डोसाआधी चार तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी झाली का, हे पाहायचे. चिठ्ठीवर डोसाची वेळ हवीच. ती नसली तर पुढच्या डॉक्टरने काय समजावे?

बाळंतपणानंतर बहुतेकींची मूत्रपिंडे काही आठवड्यांत सावरतात. तीन महिन्यांनंतरही लघवीत प्रथिने राहिली, तर मूत्रपिंडाचा आजार आधीपासूनच लपलेला असू शकतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सव्वा महिन्यानंतर, फार तर तिसऱ्या महिन्यात, लेक सासरी जाते, बाळाच्या लसीचे कार्ड सोबत जाते. तिचे स्वतःचे कागद माहेरच्या कपाटातच राहतात.