'विसरून जा' म्हटल्याने भागत नाही

२४ जानेवारी २०२४ च्या पहाटे नगर-कल्याण महामार्गावर, पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरी फाट्याजवळ, उसाचा ट्रॅक्टर, एसटी आणि मोटार यांच्या अपघातात सहा जण दगावले. बातमीत मृतांचा आकडा येतो, जखमींचा येतो. धडधाकट घरी परतणाऱ्यांची नोंद कुठल्याच अपघातानंतर होत नाही. त्यांच्याबद्दल आपल्या समजुती मात्र ठाम असतात.

"साधं खरचटलं नाही, मग घाबरायचं कशाला?"

मनाला बसलेला मार टाक्यांवर मोजता येत नाही. 'आता आपण संपलो' असं त्या क्षणी वाटलं होतं का, यावर बरंच अवलंबून असतं. डोक्याला मार लागून अपघातच आठवत नाही, अशांनाही पुढे त्रास होऊ शकतो. गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक समोर येते. अपघातातून वाचलेल्या, शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाचा पाय नसलेल्या ब्रेकवर जातो, तळहात ओले होतात. हे नाटक नव्हे.

"धसका घेतलाय, आता हा कामातून गेला."

दचकून उठणं, तेच दृश्य पुन्हा दिसणं, विनाकारण चिडचिड: पहिल्या काही आठवड्यांत हे अनेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही झोप आणि कामधंदा बिघडलेलाच असेल, तर तो पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, असू शकतो. तो बरा होतो. आजीने दृष्ट काढली तर काढू द्या. तेवढ्यावर थांबू नका.

"विषयच काढू नका" किंवा "सगळं बोलून टाक, मोकळा हो."

दोन्ही सल्ले प्रेमापोटीच, आणि दोन्ही अर्धवट. रस्ते अपघातातल्या जखमींना लगेच सगळा प्रसंग सांगायला लावून ब्रिटनमध्ये पाहिलं गेलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यात, सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता त्यांचा त्रास अशा बोलण्यानंतरही टिकून राहिलेला दिसला; ज्यांना बोलतं केलं नव्हतं, ते सावरले होते. तेव्हा खोदून विचारू नका. अपघातातून वाचलेला स्वतःहून बोलू लागला, तर मध्येच तोडूही नका.

टाळण्याचं दुखणं जास्त खोल आहे. करंजी घाटात गाडी उलटलेला माणूस आधी घाट टाळतो, मग रात्रीचा प्रवास, मग स्टिअरिंगच. दर वेळी हायसं वाटतं आणि भीती आणखी पक्की होते. उपचार नेमका उलट्या दिशेने चालतो: आधी अंगणात उभ्या गाडीत बसायचं, मग भावाला शेजारी घेऊन वेशीपर्यंत, मग दिवसाउजेडी घाट. सोबत तज्ज्ञ ती आठवण बेताबेताने उलगडायला लावतो. डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणीवर काम करणारी ईएमडीआर ही पद्धतही मान्यताप्राप्त आहे.

"एक पेग किंवा झोपेची गोळी पुरेशी आहे."

दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते. अशा धक्क्यानंतर पहिल्या महिन्यात ताणाच्या त्रासावर डायझेपामच्या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सुचवलं. मेडिकलवाल्याकडून परस्पर तर मुळीच नको.

पैशांचं म्हणाल, तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. महिना उलटूनही त्रास कायम असेल, तर आजच फोन लावा. घरच्यांनी लावला तरी चालतो.