सैन्य पोटावर चालते, पण निजते कुठे?

‘सैन्य पोटावर चालते’ हे वाक्य मी सव्वीस वर्षे ऐकले. माझी नोकरीच मुळी त्या पोटाशी बांधलेली होती. लष्कराच्या पुरवठा खात्यात मी कोठारावर होतो. आटा, डाळ, तूप, मीठमिरची यांचे वजनकाटे आणि वह्या सांभाळता सांभाळता केस पांढरे झाले. निवृत्त होऊन पुण्याला घर केले, तेव्हा आता शिधा मोजायचा तो फक्त स्वयंपाकघरातल्या डब्यांतला, असे मी मनाशी ठरवले होते. पण २०२४ साली मुलीकडे अमेरिकेला गेलो आणि तो जुना विषय पुन्हा पानात वाढला गेला.

मुलीचा थोरला मुलगा तिकडेच जन्मला, तिकडेच वाढला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिकडच्या फौजेत शिपाई म्हणून दाखल झाला. दिवाळी नुकतीच झाली होती. चिरंजीव चार दिवसांच्या रजेवर घरी आले. मुलीने पुरणपोळ्या केल्या. स्वारीने पाच पोळ्यांचा फडशा पाडला. पण रात्रभर पोरगा खोकत होता.

“थंडी बाधली का रे?” मी सकाळी विचारले.

“थंडी नाही आजोबा, भिंत बाधली,” तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला आणि त्याने फोनवरचे छायाचित्र दाखवले. त्याच्या खाटेमागे छतापर्यंत काळ्या बुरशीचे डाग चढले होते. दुरुस्तीची मागणी त्याने दोनदा नोंदवली होती. दोन्ही वेळा काम न होताच ती ‘पूर्ण झाली’ म्हणून बंद झाली होती!

मला खरे वाटेना. जगातली सर्वांत श्रीमंत फौज, आणि तिच्या शिपायाच्या उशाशी बुरशी? पण नातवाने पुराव्यानिशी माझे तोंड बंद केले. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कारभार तपासणारे एक स्वतंत्र कार्यालय आहे. त्याच्या लोकांनी दहा लष्करी तळांवर जाऊन बराकी पाहिल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. बुरशी, तुंबलेले सांडपाणी, किडे, मोडक्या खिडक्या, बंद पडलेली आगीची यंत्रणा असे सारे त्यात आहे. अहवालात एकतीस शिफारशी होत्या. तिकडे अविवाहित तरुण शिपायाला बहुधा बराकीतच राहावे लागते. जेवणापोटी पगारातून पैसे कापले जातात. मग तो लष्करी भोजनगृहात जेवो अथवा न जेवो.

त्याच वर्षी रॉब इव्हान्स नावाच्या एका माजी सैनिकाने फोनवर वापरायचे एक अ‍ॅप सुरू केले. नाव ‘हॉट्स अँड कॉट्स’. तीन वेळचे गरम जेवण आणि निजायला खाट, एवढे शिपायाला मिळते, असा तिकडच्या शिपाईगड्यांच्या बोलीत एक वाक्प्रयोग आहे. त्यावरून हे नाव. आपण एखाद्या खाणावळीत जेवून आलो की चार ओळी लिहून तारे देतो ना, तसाच हा प्रकार. शिपायाने आपली बराक किंवा भोजनगृह निवडायचे, छायाचित्र लावायचे, बरेवाईट लिहायचे. नाव उघड करण्याची सक्ती नाही. लिहिलेले सर्वांना दिसते, म्हणजे साहेबालाही दिसते.

नातवाने भिंतीचे छायाचित्र तिथे लावले होते. मी चिडलो. “फौजेतली गाऱ्हाणी अशी चव्हाट्यावर मांडतात का? शिस्त म्हणून काही आहे की नाही? तक्रार वरच्याकडे न्यावी, त्याने त्याच्या वरच्याकडे न्यावी.”

तो शांतपणे म्हणाला, “नेली होती आजोबा. वरच्याने ती खालीच ठेवली.”

मी उठून बागेत गेलो. रागाचे खरे कारण मला ठाऊक होते. तेच आज सांगतो आहे. घरीसुद्धा ते मी कधी बोललो नव्हतो.

साल १९७४. मी नवा होतो. एका लहानशा ठाण्यावर आट्याची काही पोती ओल लागून खराब झाली. मी वरिष्ठांना सांगितले. ‘चाळून वापरा’ असा हुकूम झाला. लंगरात ड्युटीवरचा अधिकारी रिवाजाप्रमाणे फेरीला येई आणि विचारी, “कोई शिकायत?” रिवाजाप्रमाणे सारे गप्प बसत. त्या दिवशी मात्र एक जवान उभा राहिला आणि त्याने पोळी पुढे केली. “कोठारवाल्याला विचारा,” तो म्हणाला. मला विचारले गेले. मी म्हणालो, “आटा ठीक आहे, साहेब.” पुढचा पंधरवडा त्या जवानाच्या वाट्याला रात्रीचा पहारा आला. तो मला कधी वाईट बोलला नाही, हेच मला फार लागले.

आपल्याकडेही हा प्रश्न एकदा घराघरांत पोहोचला होता. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने करपलेल्या पोळीची आणि पातळ डाळीची चित्रफीत फेसबुकवर टाकली. त्याच वर्षी त्याला बडतर्फ करण्यात आले. त्याच जानेवारीत लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी जवानांसाठी तक्रारपेट्या ठेवण्याचे जाहीर केले. पाठोपाठ तक्रारीसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा क्रमांकही देण्यात आला. म्हणजे गाऱ्हाण्याला वाट हवी, हे वरिष्ठांनाही पटले होते. वाट नसली की ते भिंत फोडून बाहेर येते.

आणि ही कल्पना काही आजची नव्हे. १८६३ साली हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्याविषयी रॉयल कमिशनचा अहवाल निघाला. दर हजारी ६९ शिपाई दरसाल मरत, आणि ते बहुतेक रोगराईने, असे त्यात दिसले. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे कष्ट होते. या बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. छावणीछावणीला छापील प्रश्न पाठवून त्यांनी माहिती मागवली. पाणी कोठले, बराकीत माणसे किती, सांडपाणी जाते कुठे, असे ते साधे प्रश्न. नातवाच्या फोनमध्ये मला त्याच प्रश्नांचे पणतू दिसले. फरक एवढाच, की तेव्हा उत्तरे साहेबलोक लिहीत. आता त्या खाटेवर निजणारा स्वतः लिहितो.

संध्याकाळी मी त्याच्याकडून ते अ‍ॅप मागून घेतले आणि तासभर वाचत बसलो. कुठे कच्ची कोंबडी, कुठे बंद पडलेले धुलाईयंत्र. काही तक्रारी मला अगदीच पोरकट वाटल्या. पण एका आचाऱ्याला कुणी मनापासून धन्यवादही दिले होते. ते वाचून बरे वाटले. आमच्या लंगरातल्या आचाऱ्यांना अशा दोन ओळी कधी मिळाल्या नाहीत.

रजा संपवून तो परत गेला. आठवड्याने त्याचा फोन आला. सार्जंटने सगळ्यांना उभे करून विचारले होते, छायाचित्र कुणाचे? संशय शेजारच्या खोलीतल्या एका पोरावर आला. नातवाचे नाव कुठेच नव्हते. गप्प बसला असता तर कुणाला कळलेही नसते.

“मग?” माझा घसा सुकला.

“मी म्हणालो, माझे आहे. खोली बघायला या.”

कॅप्टनसाहेब खोली बघायला आले. दहा दिवसांनी दोघा पोरांना दुसरी खोली मिळाली. ती भिंत मात्र नुसती रंगवली. आतली गळती तशीच आहे, असे तो सांगतो. भोजनगृह शनिवार-रविवार अजून लवकर बंद होते. सार्जंट महिनाभर त्याच्याशी नीट बोलला नाही. अ‍ॅप म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. भिंत दुरुस्त करायला गवंडीच लागतो, आणि गवंड्याला बोलवायला कुणाची तरी इच्छा. पण भिंत आहे आणि ती ओली आहे, हे आता कुणाला नाकारता येत नाही.

त्या रात्री मी त्याला आट्याची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आजोबा, तेव्हा तुमच्याकडे फोन नव्हता.”

पोराने मला वाट करून दिली होती. पण मी ती घेतली नाही. फोन नव्हता हे खरे, पण तोंड होते. त्याच्याकडे फोन होता, तरी शेवटी तोंडच उघडावे लागले.

वाचकहो, आपली मुले आज वसतिगृहांत, खाणावळींत, परगावच्या खोल्यांत राहतात. आपण फोनवर विचारतो, “जेवलास का?” आणि ती “हो” म्हणतात. यंदाच्या दिवाळीत मुले घरी आली, की फराळाचे ताट पुढे ठेवून जरा सविस्तर विचारा. काय जेवतोस, निजतोस कुठे, भिंतीला ओल आहे का? आणि त्यांनी सांगितले, तर माझ्यासारखे आधी शिस्तीवर बोलू नका. आधी ऐकून घ्या.