एस-६ च्या शेपटीवरची पाच फॉस्फेटे

२००९ साली रायबोसोमच्या रचनेसाठी नोबेल जाहीर झाले. मानकऱ्यांपैकी वेंकटरामन रामकृष्णन बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, म्हणून आपल्याकडेही त्याचे कौतुक झाले. पण पेशीतली सगळी प्रथिने घडवणारे हे यंत्र प्रसंगानुसार कमी-जास्त कसे चालते, हा प्रश्न मला रचनेइतकाच मोलाचा वाटतो.

माणसाच्या रायबोसोममध्ये चार आरएनए आणि ऐंशी प्रथिने असतात. त्यांतल्या एस-६ या प्रथिनाकडे १९७४ मध्ये लक्ष गेले. उंदराच्या यकृताचा भाग कापला की उरलेले यकृत झपाट्याने वाढते. अशा यकृतात ग्रेस्नर आणि वूल यांना एस-६ वर फॉस्फेट चढलेले आढळले. त्याच्या शेपटीत सेरीन हे अमिनो आम्ल पाच ठिकाणी आहे: २३५, २३६, २४०, २४४ आणि २४७ व्या जागी. इन्सुलिन आले, अमिनो आम्ले मुबलक झाली, की एमटॉर हे विकर जागे होते, ते एस-६ किनेजला कामाला लावते आणि किनेज या सेरीनांवर फॉस्फेट बसवते. एमटॉरला रोखणारे रॅपामायसिन हे औषध दिले की फॉस्फेट उतरते आणि वाढही मंदावते. मग निष्कर्ष सोपा वाटला: फॉस्फेट चढले की प्रथिननिर्मिती वाढते. विशेषतः रायबोसोमचीच प्रथिने घडवणारे एमआरएनए त्यामुळे वाचले जातात, असे वर्षानुवर्षे मानले गेले.

२००५ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात ओडेड मेयुहास यांच्या गटाने हे मुळापासून तपासले. त्यांनी पाचही सेरीनांच्या जागी अ‍ॅलानिन हे दुसरे अमिनो आम्ल असलेले उंदीर तयार केले. अ‍ॅलानिनवर फॉस्फेट बसूच शकत नाही. तरी हे उंदीर जगले, त्यांना पिल्ले झाली. रायबोसोमच्या प्रथिनांचे एमआरएनएही नेहमीसारखेच वाचले जात होते. भ्रूणापासून घेतलेल्या पेशींत तर प्रथिननिर्मिती उलट वाढली होती आणि पेशी लवकर विभागत होत्या. मात्र त्या आकाराने लहान होत्या. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीही लहान, इन्सुलिन कमी आणि रक्तातली साखर आवरेना.

माझ्या मते या क्षेत्रातला हा सगळ्यात प्रामाणिक प्रयोग. तीस वर्षांची समजूत त्याने एका फटक्यात मोडली.

दुसऱ्या एका रासायनिक खुणेचे काम मात्र अधिक स्पष्ट आहे. एकाच एमआरएनएवर अडकलेल्या रायबोसोमवर मागचा येऊन आदळला, की झेडएनएफ-५९८ हे विकर एस-१० आणि एस-२० या प्रथिनांवर युबिक्विटिन हे छोटे प्रथिन खूण म्हणून जोडते आणि अडलेले काम तिथेच सोडून दिले जाते.

एस-६ वरचे फॉस्फेट आज जगभरच्या प्रयोगशाळांत एमटॉर चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी मोजतात. ते पेशीचा आकार नेमका कसा ठरवते, याचे उत्तर अजून बाकी आहे.