कंपाउंड धनुष्याच्या नेमातील अस्थिरता

कंपाउंड धनुष्याच्या नेमातील अस्थिरता म्हणजे तोच धनुर्धर, तेच धनुष्य आणि तेच अंतर असताना बाण एका ठिकाणी न लागता कधी जवळजवळ, तर कधी दूरवर विखुरले जाणे. नवख्या खेळाडूचे बाण विखुरतात यात नवल नाही; येथे विचार आहे तो काल नीट लागणारा बाण आज का चुकतो याचा. असा दोष धनुष्यात असू शकतो, बाणात असू शकतो किंवा बाण सोडणाऱ्या माणसात असू शकतो. अनेकदा तो दोन ठिकाणी एकाच वेळी असतो आणि त्यामुळे शोध कठीण होतो.

पार्श्वभूमी

कंपाउंड धनुष्याचा शोध अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन यांनी लावला. त्यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९६९ मध्ये त्यांना ते मिळाले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना कॅम नावाची विकेंद्री चाके असतात. दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो. पुढे कॅम फिरले की हातावरचा भार एकदम उतरतो. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. त्यामुळे पूर्ण ओढलेल्या स्थितीत नेमबाज बराच वेळ स्थिर राहू शकतो. दोरीत बसवलेले छिद्र (पीप), पुढील बाजूचे भिंगयुक्त दर्शक (स्कोप), त्यातील पाणसळ आणि दोरी सोडण्याचे यांत्रिक साधन (रिलीज) ही या प्रकाराची ओळख आहे. साधने जितकी अधिक, तितक्या बिघडण्याच्या जागाही अधिक.

मैदानी स्पर्धेत कंपाउंडचे अंतर ५० मीटर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर. वैयक्तिक सामना १५ बाणांचा, म्हणजे कमाल १५० गुणांचा. बर्लिन येथे २०२३ साली झालेल्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे याने अंतिम सामना १५०-१४९ असा जिंकला. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी महिलांची विश्वविजेती ठरली. या पातळीवर एक बाण नऊच्या वर्तुळात गेला तरी पदकाचा रंग बदलतो. म्हणून पुढे येणारे मिलिमीटरचे हिशेब क्षुल्लक समजू नयेत.

मिलिमीटरचा हिशेब

पीप आणि स्कोप यांतील अंतर साधारण ९० सेंटिमीटर धरू. पीप दोरीवर केवळ १ मिलिमीटर वर किंवा खाली सरकला, तर ५० मीटरवर बाणाचा आघात सुमारे साडेपाच सेंटिमीटरने हलतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ४ सेंटिमीटर आहे, हे लक्षात घेतले की एका मिलिमीटरची किंमत कळते.

वेगाचेही तसेच आहे. बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने निघाला तर ५० मीटर जाण्यास त्याला सुमारे ०.५९ सेकंद लागतात आणि हवेचा रोध बाजूला ठेवल्यास तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे १.७ मीटर खाली येतो. वेगात १ टक्का फरक पडला तर या उतारात सुमारे २ टक्के, म्हणजे जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर फरक पडतो. धनुष्याने दिलेली ऊर्जा तेवढीच धरली, तर ३५० ग्रेन वजनाच्या बाणात ७ ग्रेनचा फरक एवढा परिणाम घडवण्यास पुरेसा आहे. सात ग्रेन म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.

तिसरा हिशेब कलण्याचा. धनुष्य उजवीकडे २ अंश झुकले, तर त्याच १.७ मीटर उतारामुळे बाण सुमारे सहा सेंटिमीटर उजवीकडे जातो. स्कोपमधील पाणसळीचा बुडबुडा यासाठीच असतो, पण नेम धरण्याच्या नादात त्याकडे पाहायचे राहून जाते. शिवाय पाणसळ स्वतःच धनुष्याशी काटकोनात बसवलेली नसेल, तर बुडबुडा मध्यावर असूनही धनुष्य कललेले राहते. चढ-उतारावर नेम साधताना हा दोष ठळक होतो.

पुंजका वाचणे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बाणांचा पुंजका वाचावा लागतो. पुंजका घट्ट आहे पण मध्यापासून सरकला आहे, ही एक स्थिती. पुंजका मध्याभोवती आहे पण पसरला आहे, ही दुसरी. पहिल्या स्थितीत बहुधा काहीतरी हलले आहे: दर्शकाचा स्क्रू, पीप किंवा बाणाचा आधार (रेस्ट). दुसऱ्या स्थितीत दर्शक फिरवण्याने काहीही साधत नाही. तरीही प्रत्येक चुकलेल्या बाणामागे दर्शक थोडा इकडे, थोडा तिकडे करणारे खेळाडू प्रत्येक मैदानावर आढळतात, आणि संध्याकाळपर्यंत मूळ दोष कोणता व नंतर घातलेला कोणता हे त्यांनाही सांगता येत नाही.

वर-खाली पसरलेला पुंजका वेग, ओढीची लांबी, कॅमची जुळणी किंवा दोरीवरील बाण बसवण्याची जागा यांकडे बोट दाखवतो. डावी-उजवीकडे पसरलेला पुंजका मुठीची पिळवट, धनुष्याचे कलणे, चेहऱ्यावर दाबली जाणारी दोरी किंवा वारा यांकडे. ही विभागणी काटेकोर नाही; मात्र शोध कोठून सुरू करावा हे तिच्यावरून ठरते.

बाणांची तपासणी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे बाणांना क्रमांक देणे. प्रत्येक फेरीनंतर कोणता क्रमांक कोठे लागला हे वहीत लिहावे. पाच-सहा फेऱ्यांत ४ क्रमांकाचा बाणच सतत बाहेर जात असेल, तर दोष त्या बाणात आहे. दर वेळी निराळा बाण बाहेर जात असेल, तर बाणांना दोष देता येत नाही.

दोषी बाणाचे नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागील खाच, प्रथम पाहावे. त्यात सूक्ष्म तडा असू शकतो किंवा ते दोरीवर इतरांपेक्षा घट्ट अथवा सैल बसत असते. नंतर पिसे, टोकाचे वजन आणि नळीचा सरळपणा. बाणाचा ताठपणा (स्पाइन) धनुष्याच्या ताकदीला व बाणाच्या लांबीला अनुरूप लागतो. एकाच संचातील बाणांत तो कमी-जास्त असेल तर नॉक थोडे फिरवून पाहिल्यास काही वेळा बाण पुन्हा पुंजक्यात येतो. पिसे रेस्टला किंवा केबलला घासत असल्याचा संशय असल्यास पिसांवर टाल्कम पावडर लावून बाण सोडतात. पावडर जेथे पुसली जाते तेथे स्पर्श होतो आहे.

धनुष्याची तपासणी

दोरी आणि केबल कृत्रिम धाग्यांच्या असतात. नव्या दोऱ्या वापरात थोड्या लांबतात, त्यामुळे पीप फिरतो, ओढीची लांबी बदलते आणि दोन्ही कॅमची जुळणी मोडते. दुहेरी कॅमच्या धनुष्यात पूर्ण ओढीवर दोन्ही कॅमचे थांबे एकाच क्षणी टेकले पाहिजेत. एक आधी टेकला तर ओढीचा शेवट कणखर न वाटता मऊ वाटतो आणि नॉकचा प्रवास सरळ होत नाही. सहकाऱ्याला बाजूला उभे करून हे पाहता येते. कारखान्यात किंवा दुकानात कॅम व दोरीवर केलेल्या खुणा मूळ जागी आहेत का, हेही वेळोवेळी पाहावे.

डी-लूपची गाठ सरकली आहे का, दोरीवरचा संरक्षक वेढा सैल झाला आहे का, रेस्टचे व दर्शकाचे स्क्रू ढिले आहेत का, हे हाताने हलवून कळते. पीप व डी-लूपच्या जागी दोरीवर पेनाने खूण करून ठेवल्यास सरकणे लगेच दिसते.

रेस्टची जागा ठरवण्यास दोन चाचण्या प्रचलित आहेत. कागदी चाचणीत काही पावलांवर ताणलेल्या कागदातून बाण सोडतात. बाणाच्या शेपटीचा फाटा टोकाच्या छिद्राच्या वर असेल, तर बाण बसवण्याची जागा फार उंच किंवा रेस्ट फार खाली असण्याची शक्यता असते. दुसऱ्या चाचणीत दर्शक न बदलता, एकाच बिंदूवर नेम धरून क्रमाने दूर जात बाण सोडतात. आघात अर्थातच खाली खाली येतात. ते एका उभ्या रेषेत असावेत. रेषा अंतराबरोबर डावीकडे झुकत असेल तर रेस्ट किंचित उजवीकडे, उजवीकडे झुकत असेल तर डावीकडे सरकवतात. घासणारी पिसे आणि चुकीचा स्पाइन यांची तपासणी आधी झालेली असावी, नाहीतर या चाचण्या दिशाभूल करतात.

धनुर्धराची बाजू

मूठ धनुष्य पकडत नाही, ते तिच्यावर टेकते. बोटे आवळली की धनुष्य पिळले जाते आणि दर वेळी वेगळे पिळले जाते. ओढीची लांबी जास्त असेल तर धड मागे झुकते व दोरी चेहऱ्यावर दाबली जाते. ओढीच्या शेवटी कॅम थांब्यावर टेकलेले असताना हात नकळत पुढे सरकला तर सुटणाऱ्या बाणाची ऊर्जा बदलते. पीपचे वर्तुळ आणि स्कोपची कड दर वेळी एककेंद्री दिसावीत. तशी दिसण्यासाठी मान हलवावी लागत असेल तर पीपची उंची चुकली आहे.

सर्वांत हट्टी दोष मनाचा. ठिपका मध्यावर येताच रिलीजची कळ झटक्याने दाबली जाते किंवा उलट, ठिपका मध्यावर नेताच येत नाही. खेळाडू याला टार्गेट पॅनिक म्हणतात. पक्ष्याचा डोळा पाहणाऱ्या अर्जुनाची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. येथे मात्र खेळाडू डोळ्याऐवजी आपला ठिपकाच पाहत बसतो. उपाय संथ आहे: लक्ष्याचा कागद न लावलेल्या गादीवर, अगदी जवळून, डोळे मिटून बाण सोडणे आणि पाठीच्या स्नायूंच्या ओढीने कळ आपोआप सुटू देणे. हा सराव काही आठवडे चालतो, आणि त्या काळात गुण मोजत नाहीत.

दोष माणसाचा की धनुष्याचा हे ठरेना, तर त्याच मापाच्या अनुभवी खेळाडूला ते धनुष्य देऊन पाहतात. त्याचे बाण एकत्र लागले तर धनुष्य निर्दोष मानण्यास हरकत नाही. तपासणीत एका वेळी एकच बदल करावा, त्यानंतर किमान दोन-तीन फेऱ्या खेळाव्यात आणि बदल वहीत नोंदवावा.

सुरक्षितता

बाण न लावता ओढलेली दोरी सोडू नये. बाणाला न मिळालेली ऊर्जा भुजा, कॅम व दोरीत उतरते आणि त्या तुटू शकतात. दोरी किंवा केबल काढण्यासाठी, तिला पीळ देण्यासाठी बो-प्रेस नावाचे यंत्र लागते. घरगुती युक्त्या धोक्याच्या आहेत. भुजांचे बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे सैल करू नयेत. कार्बनचा बाण कठीण वस्तूवर आदळला असेल तर तो हलकेच वाकवून, फिरवून पाहावा. करकर ऐकू आली, तडा किंवा उकललेला धागा दिसला, तर तो बाण मोडून टाकावा, कारण असा बाण सुटताना फुटला तर त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात शिरतात.