मुलींची बॅच वेगळी, पण किती वाजता?

अकोल्यात मे महिन्यात फुटबॉल शिकवायचा तर दिवसाचे दोनच तुकडे हाती उरतात: पहाटे साडेपाच ते साडेसात, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. २०२४ च्या मे अखेरीस पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने निव्वळ उन्हापायी १४४ कलम लावलं होतं. अशा गावात एखाद्या क्लबाकडे एक मैदान, एक प्रशिक्षक आणि पन्नास-साठ पोरं-पोरी असतात. पालक म्हणतात, ‘मुलींची बॅच वेगळी करा.’ मग तत्त्वाचा वाद सुरू होण्याआधी घड्याळाचा सुरू होतो. उजेडाची, सावलीची, सोयीची वेळ एकच. ती कुणाला द्यायची?

बहुतेक ठिकाणी ती मुलांना मिळते. मुलं जास्त, त्यांचे सामने जास्त, त्यांची फी जास्त. मुलींना उरलेला वेळ. तो अंधाराकडे झुकला की आधी दोघी-तिघी गळतात, मग उरलेल्या, आणि वर्षअखेरीस क्लब सांगतो की मुलींना आवडच नाही.

जुन्या शहरात हे गणित आणखी अवघड होतं. जयहिंद चौक, हरिहर पेठ, असदगडाच्या आसपासच्या गल्ल्या, इथे घराला घर लागून आहे. पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळतात तेही स्कूटरला वाट देत देत. धड मैदान हवं तर मोर्णेचा पूल ओलांडून वसंत देसाई क्रीडांगणाकडे जायचं. बारा वर्षांचा मुलगा सायकलवर जाऊन येतो. त्याच वयाच्या मुलीला कुणीतरी सोडायला लागतं, आणायला लागतं, आणि ज्या घरात दोघंही कामावर जातात तिथे हे ‘कुणीतरी’ सापडत नाही. मे २०२३ च्या दंगलीनंतर या भागाने संचारबंदीही पाहिली. तसल्या दिवसांनंतर घरातून सगळ्यात उशिरा बाहेर पडायला मिळतं ते मुलींनाच.

प्रशिक्षकांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, बहुधा सातवीच्या सुट्टीत, बहुधा आईकडून: “सर, पोरगी आता मोठी झाली. पोराईसंग खेयली त लोक काय म्हनतीन?” ही आई मुलीच्या विरोधात नसते. पाच वर्षं तिनेच बूट घेऊन दिलेले असतात, मोजेही धुतलेले असतात. तिला फुटबॉल नको असं नाही, तिला लोकांना देता येईल असं उत्तर हवं असतं. वेगळी बॅच हे तिच्यासाठी तसं उत्तर आहे. म्हणून ‘मुलामुलींना वेगळं करणं म्हणजे मागासपणा’ असं पुण्या-मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे, जुन्या शहरात त्याचा उपयोग नाही. (श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला जलाभिषेक करायला इथली तरणी पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन रात्रभर कावड वाहत चालत येतात. तेव्हा लोक काय म्हणतील हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही, हे जाता जाता.)

आता शरीराचं काय, ते पाहू. वेगळं करण्यामागे ‘मुलगे ताकदवान असतात’ हे कारण सर्रास दिलं जातं. ते खरं आहे, पण अर्धं. साधारण बाराव्या वर्षापर्यंत धावण्यात, उडीत, दमात मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक नसतो. उलट मुलींची उंचीची झेप मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षं आधी येते, त्यामुळे पाचवी-सहावीच्या वर्गात उंच मुलगी आणि तिच्या खांद्याला लागणारा मुलगा हे चित्र नेहमीचं. खरी फारकत त्यानंतर होते. मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढायला लागतं, स्नायू भरतात, हाडं रुंदावतात. वाढ पूर्ण झाल्यावर वरच्या पातळीच्या पुरुष आणि महिला खेळाडूंमध्ये धावण्यात दहा-बारा टक्क्यांचं अंतर पडतं, उडीत त्याहून जास्त. फुटबॉल अंगाला अंग भिडवून खेळायचा खेळ आहे. पंधरा वर्षांचा वाढलेला मुलगा आणि त्याच वयाची मुलगी एकाच चेंडूवर धावून आले तर हे अंतर कागदावर राहत नाही.

म्हणजे शरीराच्या बाजूने पाहिलं तर तेरा-चौदाच्या पुढे वेगळं खेळवायला सबळ कारण आहे आणि आठ-नऊ वर्षांच्यांना वेगळं करायला काहीही कारण नाही. गंमत अशी की कायद्यालाही हा साधा फरक कळायला बराच वेळ लागला. इंग्लंडमध्ये १९७८ साली नॉटिंगहॅमशायरमधल्या अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीला मुलांच्या संघात खेळायला फुटबॉल संघटनेने मनाई केली. मुलगी चांगली खेळायची, तिच्या खेळाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. खालच्या न्यायालयात ती जिंकली. वरच्या न्यायालयात हरली, कारण तिथे तुलना झाली ती सरासरी पुरुष आणि सरासरी बाई यांच्या ताकदीची. समोर उभं आहे ते लेकरू, हे निकालात आलंच नाही. २०१० च्या समानता कायद्यात मग स्पष्ट लिहावं लागलं की मुलांच्या खेळाबाबत वय आणि वाढीचा टप्पा विचारात घ्या. त्याच संघटनेने, जिने १९२१ साली आपल्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली होती, पुढे मिश्र खेळाची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवत अठरापर्यंत नेली. नेदरलँड्सने तर २०२० मध्ये एलन फोकेमा या १९ वर्षांच्या खेळाडूला गावच्या क्लबाच्या पुरुष संघात खेळायची परवानगी दिली. लहानपणापासून ज्यांच्याबरोबर ती खेळली, त्यांच्याचबरोबर तिला पुढे राहायचं होतं.

आपल्याकडे यातलं काही लिखित नव्हतं तेव्हाही मुली मुलांत घुसून खेळतच होत्या. भारतीय महिला फुटबॉलचं सगळ्यात मोठं नाव, मणिपूरची ओइनम बेमबेम देवी, लहानपणी मुलाचं नाव सांगून मुलांच्या संघात खेळायची. तिला पुढे अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. आता नाव बदलायची गरज नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ पासून लहानग्यांसाठी ज्या ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केल्या, त्यांत मुलं-मुली एकाच संघात खेळू लागली.

पण एकत्र उभं केलं म्हणजे एकत्र खेळतात असं नाही. दहा वर्षांच्यांचा पाच-पाच जणांचा सराव सामना दहा मिनिटं नीट पाहा. मुलगी उजव्या बाजूला मोकळी उभी आहे, हात वर करून ‘दे, दे’ म्हणते आहे. मुलगा मान वर करतो, तिच्याकडे बघतो, आणि तिघांच्या गर्दीतून स्वतःच गोलावर मारतो. चेंडू बाहेर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती हात वर करत नाही. मग प्रशिक्षक म्हणतो, ‘तू मागं थांब’, आणि ती बचावात किंवा गोलात जाते आणि पुढची दोन वर्षं तिथेच राहते. चेंडूला स्पर्श किती वेळा झाला यावर या वयातलं कौशल्य ठरतं. मिश्र संघातल्या मुलीला तो स्पर्शच मिळाला नाही तर कागदावरची समानता फुकट. हीच मुलगी मुलींच्या बॅचमध्ये ओरडून चेंडू मागते, असं शिकवणारे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

यावर एक भन्नाट तोडगा कोलंबियातल्या मेडेयिन शहरात निघाला. १९९४ साली आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा स्वयंगोलनंतर खून झाला, त्यानंतर गल्लीतली हिंसा थांबवायला तिथे मिश्र संघांचा फुटबॉल सुरू झाला. पंच नाही. सामन्याआधी नियम दोन्ही संघांनी बसून ठरवायचे, सामन्यानंतर बसून चर्चा करायची. आणि पहिला गोल मुलीने केल्याशिवाय मुलांचा गोल धरायचा नाही. हा नियम लावला की दहा मिनिटांत चेंडू उजव्या बाजूच्या त्या मुलीकडे जायला लागतो, कारण आता त्यात मुलांचा स्वार्थ आहे. हा प्रकार आपल्या शेजारी नागपूरला ‘स्लम सॉकर’नेही वापरला. विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे काम ‘झुंड’ सिनेमामुळे घरोघरी पोचलं, पण त्याला २०१६ मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला होता हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्यांचे खेळाडू ज्या बेघरांच्या विश्वचषकात जातात, तिथे आधी बायका-पुरुष एकाच संघात खेळायचे. महिलांसाठी वेगळा चषक २००८ मध्ये मेलबर्नला सुरू झाला, आणि मिश्र संघांची वाटही बंद केली नाही. एक दार उघडताना दुसरं लावून घ्यावं लागत नाही, एवढं यातून घ्यावं.

वेगळं करूनही मुलींचा फायदा होतो याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात चांगलं उदाहरण मुंब्र्याचं आहे. तिथे २०१२ पासून सबा खान आणि ‘परचम’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम आणि हिंदू मुलींना एकत्र फुटबॉल शिकवायला घेतला. मैदानावर मुलांचा कब्जा होता. घरच्यांची अडचण वेगळी: बघे, शेरे, कपडे. या मुलींनी आमच्यासाठी मैदान राखून ठेवा अशी मागणी करत सह्या गोळा केल्या, आमदारांकडे निवेदन नेलं आणि जागा मिळवली. जुन्या शहराशी मुंब्र्याचं साम्य सांगायला नको. फरक एकच: तिथे वेगळेपण मुलींनी मागितलं, स्वतःच्या सोयीच्या वेळेसकट मागितलं. क्लबाने ढकललेलं वेगळेपण आणि मुलींनी मिळवलेलं वेगळेपण दिसायला सारखंच दिसतं, टिकतं मात्र दुसरं. वेगळेपणातून मुलींना वाट मिळणं अकोल्याला नवं नाही. मनुताई कन्या शाळेसारख्या मुलींच्या शाळांमुळेच इथल्या कित्येक घरांतली पहिली मुलगी शिकायला बाहेर पडली. वेगळी शाळा, पण पुस्तकं तीच आणि परीक्षाही तीच.

खो-खो आणि कबड्डीत महाराष्ट्राच्या मुली वर्षानुवर्षं वेगळ्याच खेळतात आणि खो-खोत तर देशभर दबदबा राखून आहेत. त्यांना शालेय स्पर्धांत गट आहे, क्रीडागुणांची आशा आहे, गावोगावी संघ आहेत. फुटबॉलमध्ये हा पायाच कच्चा. सुब्रतो चषक ही शाळकरी फुटबॉलची देशातली मानाची स्पर्धा १९६० साली सुरू झाली. तिच्यात मुलींचा गट यायला पन्नासहून अधिक वर्षं लागली, आणि तोही सतरा वर्षांखालचा. त्याहून लहान वयोगट मुलांनाच. म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलीला या स्पर्धेचं स्वप्न बघायचं तर चार-पाच वर्षं वाट बघत सराव करायचा. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ म्हणून एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा बेत केला, शाळाशाळांत चेंडू वाटले. मुलींनीही त्या दिवशी चेंडू मारला. दुसऱ्या दिवशी कुठे मारायचा, हे मात्र वेळापत्रकात नव्हतं.

मग अकोल्यातल्या क्लबाने करावं काय? माझं मत: बारा-तेरापर्यंत एकत्रच ठेवा, कारण इथे मुलींची संख्या इतकी कमी असते की आठव्या वर्षी वेगळं केलं तर सात-सात जणींचे दोन संघही उभे राहत नाहीत, सामना होत नाही, आणि सामना नाही तर फुटबॉल कसला? पण एकत्र ठेवताना चेंडू सगळ्यांना मिळेल असे नियम लावा. तेराच्या पुढे मुलींचा गट वेगळा करा, तो त्याच वेळी, मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. भाऊ-बहीण एका सायकलवर येतील, आईला सोडायला दोनदा यावं लागणार नाही, परतीच्या वाटेवर पाच-सहा जण सोबत असतील. जी मुलगी मुलांच्या तोडीची आहे तिला आठवड्यातले दोन दिवस मुलांबरोबर खेळू द्या.

वेगळ्या गटाला वेगळं शिकवणंही हवं. गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, ज्याला खेळाडू एसीएल म्हणतात, तो फाटायचा धोका वयात आलेल्या मुलींना मुलांच्या काही पट जास्त असतो. वळणं, उडीवरून उतरणं, एका पायावर तोल, असा वीस मिनिटांचा एक सराव फिफाने तयार करवून घेतला. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर तो तपासला, तेव्हा दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, फक्त रोज करावा लागतो. पण मुलींच्या बॅचला मुलांतलाच सतरा वर्षांचा ‘दादा’ शिकवायला पाठवला तर तो चार फेऱ्या मारायला लावून सामना सुरू करतो.

आणि शिकवणारी बाई हवी. २०२२ मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघाच्या सहप्रशिक्षकाला परदेश दौऱ्यावर गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकलं गेलं, त्याच वर्षी ज्या वर्षी त्या वयोगटाचा विश्वचषक भारतात भरला आणि अंतिम सामना नवी मुंबईत झाला. पालकांची भीती हवेतली नाही. पण ती वेगळ्या बॅचने जात नाही, मैदानावर जबाबदार बाई असली की बरीच जाते. आज जुन्या शहरातून खेळून मोठ्या झालेल्या मुलींनाच प्रशिक्षणाचे छोटे अभ्यासक्रम करायला पाठवलं तर चार वर्षांत ही माणसं घरचीच मिळतील.

मुलीला क्लबात घालताना बापाने फी विचारावी, आईने स्वच्छतागृह बघावं, दोघांनी मिळून मुलींच्या बॅचची वेळ आणि शिकवणाऱ्या व्यक्तीचं नाव विचारावं. त्याहून आधी विचारावं की गेल्या वर्षी मुलींचे सामने किती झाले. मुलांचे चौदा आणि मुलींचे दोन असं उत्तर आलं, तर ती बॅच वेगळी नाही, बाजूला ठेवलेली आहे, आणि अशा ठिकाणी मुलगी सहा वर्षांची असो की पंधराची, दुसरा क्लब शोधलेला बरा.