पाण्यात विरघळलेल्या हवेची साक्ष

पाण्याचे वय : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात आपण किरणोत्सर्गी कार्बनच्या आधारे प्राचीन भूजलाचा काल कसा ठरवतात हे पाहिले, आणि ज्या पाण्याला हजारो वर्षे उजेडाचा स्पर्श झालेला नाही त्याचाही हिशेब कसा लावता येतो, याची वाचकांना कल्पना आली असेल. परंतु ज्या द्रव्याचे अर्धायुष्य 5,730 वर्षांचे आहे, त्याच्या क्षयावरून गेल्या पन्नास-साठ वर्षांतील घडामोडींचा तपास लागत नाही. आणि उथळ विहिरी, झरे व ओढे यांना ज्या पाण्याचा आधार असतो ते बहुधा याच अलीकडच्या काळात जमिनीत मुरलेले असते. जमिनीत शिरणाऱ्या पाण्याची आवक-जावक बारनिशी कोणत्याही कचेरीत ठेवली जात नाही. मग ते केव्हा शिरले, कोणत्या गतीने सरकले आणि पुन्हा बाहेर केव्हा येणार, हे ठरवावे कशावरून? या प्रश्नाचे एक उत्तर पाण्याने सोबत नेलेल्या हवेत आहे, आणि त्या हवेची जबानी घेण्याची रीत हा आजच्या लेखांकाचा विषय होय.

विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1803 साली असा नियम मांडला की, स्थिर तापमानाला द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण हे त्या द्रवावरील त्याच वायूच्या दाबाच्या समप्रमाणात असते. पाणी जोवर मोकळ्या हवेच्या सान्निध्यात आहे तोवर त्यातील प्रत्येक वायूचा अंश हवेतील अंशाशी मेळ राखतो. परंतु तेच पाणी भूजलपातळीच्या खाली गेले, किंवा समुद्रपृष्ठ सोडून खोल थरात उतरले, की बाहेरच्या हवेशी त्याचा व्यवहार तुटतो आणि त्या क्षणीचा अंश तसाच त्याच्या पोटात राहतो. आता, एखाद्या वायूचे वातावरणातील प्रमाण वर्षानुवर्षे निश्चित क्रमाने वाढत गेले असेल, त्या वाढीची नोंद आपल्यापाशी असेल, आणि तो वायू पाण्यात नष्ट होत नसेल, तर पाण्यातील त्याच्या अंशावरून ते पाणी हवेपासून कोणत्या वर्षी दुरावले हे सांगता आले पाहिजे. सगळी पद्धत या एका विचारावर उभी आहे.

या तिन्ही अटी बऱ्याच अंशी पुऱ्या करणारा वायूंचा एक वर्ग विसाव्या शतकात मनुष्यानेच निर्माण केला. 1928 मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनी शीतकपाटांसाठी न जळणारा व विषारी नसलेला वायू म्हणून क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, पुढे आणले. निसर्गात त्यांचा म्हणण्यासारखा कोणताही उगम नाही. 1930 नंतरच्या दशकांत कारखान्यांतून जे बाहेर पडले, तेच काय ते वातावरणात साठले. जेम्स लव्हलॉक याने 1957 च्या सुमारास तयार केलेल्या इलेक्ट्रॉन-ग्राही शोधकामुळे हे अत्यल्प अंश मोजण्याची सोय झाली, आणि 1971-72 मध्ये ‘शॅकल्टन’ या संशोधननौकेवरून इंग्लंड ते अंटार्क्टिका असा प्रवास करताना त्याला अटलांटिकवरील हवेत व त्या महासागराच्या पाण्यातही सीएफसी आढळले. पुढे मोलिना व रोलंड यांनी 1974 साली हे वायू ओझोनच्या थराचा नाश करतील असा इशारा दिला, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, उत्पादनावर निर्बंध आले, आणि वातावरणातील सीएफसी-11 चे प्रमाण 1990 नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात, हवेच्या दर लाख कोटी रेणूंमागे सुमारे 270 रेणू इतका कळस गाठून, मंदगतीने उतरू लागले. सीएफसी-12 ने आपला कळस, सुमारे 545, त्यानंतर काही वर्षांनी गाठला. ज्या वर्षी पाणी हवेपासून वेगळे झाले त्या वर्षाचा अंश, टपालाच्या पाकिटावरील शिक्क्याप्रमाणे, त्या पाण्यावर उमटलेला असतो.

हा शिक्का वाचणे मात्र सोपे नाही, कारण पाऊस आणि भूजल यांच्या दरम्यान मातीचा जो असंपृक्त पट्टा असतो, तेथे हवा व पाणी या दोहोंची स्वतंत्र वाट असते. मातीच्या पोकळ्यांतील हवा ही वरच्या हवेचीच शाखा असली तरी तिचे घटक वेगळे असतात. मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे तेथील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या कितीतरी पट असते. वातावरणात नव्याने शिरलेला वायू या पोकळ्यांतून विसरणाने खाली उतरतो. भूजल उथळ असेल तर त्याला फारसा विलंब लागत नाही, परंतु पट्टा तीस मीटर जाडीचा असेल तर भूजलाला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा कित्येक वर्षे मागे राहते, आणि ही मागास हवाच पाण्याला आपला अंश देते. या विलंबाचा हिशेब न धरल्यास पाणी आहे त्यापेक्षा म्हातारे दिसते.

दुसरी अडचण तापमानाची. थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो, म्हणून पुनर्भरणाच्या वेळचे तापमान कळल्याखेरीज अंशावरून वर्ष काढता येत नाही. आणि येथे ज्यांचा कशाशीही संयोग होत नाही असे निष्क्रिय वायू साहाय्याला येतात. निऑनची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही, क्रिप्टॉन व झेनॉन यांची मात्र पुष्कळ बदलते. या सर्वांचे अंश एकत्र मोजले म्हणजे पाणी कोणत्या तापमानाला मुरले हे निघते. शिवाय भूजलपातळी झपाट्याने चढते तेव्हा मातीतील हवेचे बुडबुडे पाण्याखाली कोंडले जाऊन जादा वायू विरघळतो. ही ‘अतिरिक्त हवा’ निऑनच्या प्रमाणावरून ओळखता येते व हिशेबातून वजा करता येते. आणि जेथे प्राणवायू संपलेला असतो तेथे सूक्ष्मजीव सीएफसीचेही विघटन करतात, त्यातही सीएफसी-11 चे अधिक वेगाने. त्यामुळे दोन्ही वायूंनी सांगितलेल्या तारखा जुळत नसतील, तर त्या पाण्याची फेरतपासणी करणे भाग पडते.

नमुना घेण्याच्या कामाकडे जवळून पाहिले, तर या शास्त्राला केवढ्या खबरदारीची गरज असते हे ध्यानी येते. विहिरीचे पाणी आरंभी पुष्कळ वेळ उपसतात, कारण नळीत साचलेल्या पाण्याला हवा लागलेली असते. मग तांब्याची किंवा हवा झिरपू न देणारी नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत घालतात, बाटली एका बादलीत ठेवून ती पुन्हापुन्हा भरून वाहू देतात, बादली भरून बाटली पूर्ण बुडाली म्हणजे पाण्याखालीच नळी काढून, आतून धातूच्या पत्र्याचे अस्तर असलेले झाकण पाण्याखालीच घट्ट बसवतात. मग बाटली उलटी धरून बोटाने ठोकायची. एक बुडबुडा जरी वर चढताना दिसला तरी तो नमुना रद्द होतो, कारण बाहेरच्या हवेचा तेवढा शिरकावही जुन्या पाण्याला तरुण ठरवण्यास पुरेसा असतो.

एवढ्या यातायातीतून काय हाती लागले याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेलमार्व्हा द्वीपकल्पात मिळते. चेसापीक उपसागराच्या या काठी वालुकामय जमिनीवर शेती चालते, आणि खतांतील नायट्रेट भूजलातून ओढ्यांत व ओढ्यांतून उपसागरात उतरते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेथील विहिरींचे पाणी सीएफसीने तपासले, तेव्हा भूजलपातळीपासून जसजसे खाली जावे तसतसे पाणी क्रमाने जुने होत जाते असे दिसले. आणि ओढ्यांना पाझरणारे पाणी काही वर्षांपासून कित्येक दशकांपर्यंत वेगवेगळ्या वयाचे असल्याचे उघड झाले. याचा अर्थ असा की आज ओढ्यात येणारे नायट्रेट हे आजच्या शेतकऱ्याचेच नव्हे, मागच्या पिढीच्या शेताचेही असू शकते. आणि आज खत निम्मे केले तरी उपसागराला त्याचे पूर्ण फळ मिळण्यास अनेक वर्षांची मुदत लागेल. हे ठाऊक नसलेला शासनकर्ता पाच वर्षांत फरक दिसला नाही म्हणून योग्य उपाय सोडून देईल.

महासागरात हेच तत्त्व फार विशाल प्रमाणावर लागू पडते. तेथे पाणी गोळा करणाऱ्या बाटल्यांचे चक्र तारेच्या दोराने हजारो मीटर खोल सोडून निरनिराळ्या खोलीवर एकेक बाटली बंद करतात, आणि चक्र डेकवर येताच सर्वांच्या आधी सीएफसीचे नमुने काढतात; जहाजाची शीतकपाटे व वातानुकूलन यंत्रे हीच या वायूंची आगरे असल्यामुळे त्यांची हवाही नमुन्याला लागू द्यायची नसते, आणि बाटल्यांतील रबरी कड्यासुद्धा त्यांतील वायू निघून जावा म्हणून आधी निर्वात भट्टीत तापवून घेतात. अशा नमुन्यांतून 1980 नंतरच्या दशकाच्या आरंभी असे दिसले की, विषुववृत्ताजवळ दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लगटून दीड-दोन हजार मीटर खोलीवर जो प्रवाह वाहतो, त्यात सीएफसीचा ठसा आहे. ते पाणी सुमारे दोन दशकांपूर्वी उत्तर अटलांटिकमधील लॅब्राडोर समुद्रात गोठवणाऱ्या वाऱ्यांखाली जड होऊन बुडालेले होते. उलट, उत्तर पॅसिफिकच्या अगाध खोलीत हे वायू आढळत नाहीत, आणि तो अभावही पुरावाच होय : कारखान्यांचे युग सुरू झाल्यापासून तेथवर हवेची पोहोच झालेली नाही. ज्या वाटेने सीएफसी समुद्रात उतरतात त्याच वाटेने मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडही उतरत असल्यामुळे, त्याच्या मोजणीस या तारखांचा मोठा आधार झाला. 1800 ते 1994 या काळात महासागरांनी सुमारे 118 अब्ज टन मानवनिर्मित कार्बन पोटात घेतला, हा 2004 साली प्रसिद्ध झालेला अंदाज काढताना सीएफसीवरून ठरवलेली पाण्याची वये वापरलेली आहेत.

आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या अरबी समुद्राबाबतही या वायूंनी एक महत्त्वाचा गैरसमज दूर केला. तेथे साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नाहीसा झालेला पट्टा आहे, आणि तेथील पाणी साचून राहिल्यामुळे असे होत असावे, असे सहज वाटते. परंतु 1990 नंतरच्या दशकात सीएफसीच्या मोजणीवरून असे निष्पन्न झाले की त्या पट्ट्यातील पाणी सुमारे एका दशकात बदलते. म्हणजे प्राणवायूचा पुरवठा अगदीच बंद नाही, तर मोसमी वाऱ्यांमुळे वरच्या थरात बहरणाऱ्या वनस्पतींचे अवशेष खाली पडून कुजताना तो अधिक वेगाने खर्ची पडतो. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सय्यद वाजिह नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यातही पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर प्राणवायू लोपतो आणि नायट्रस ऑक्साइड हा तापवर्धक वायू विपुल निर्माण होतो, हे 2000 साली दाखवून दिले. हवेतून समुद्रात गेलेला वायू जसा तेथील कालगणना सांगतो, तसा समुद्रातून हवेत परतणारा वायू तेथील प्रकृतीची खबर देतो.

एक अडचण मात्र काळानेच आणली आहे. सीएफसीचे प्रमाण आता उतरणीला लागल्यामुळे एकच अंश चढत्या काळातील व उतरत्या काळातील, अशा दोन वर्षांचा दाखला देऊ शकतो. म्हणून नव्या पाण्यासाठी, अद्याप वाढत असलेला सल्फर हेक्साफ्लुराइड हा वायू वापरतात; तसेच 1963 च्या सुमारास अण्वस्त्रचाचण्यांमुळे पावसात शिगेला पोहोचलेले, 12.3 वर्षांच्या अर्धायुष्याचे ट्रिटियम आणि त्याच्या क्षयातून जन्मणारा हेलियम-3 हा वायू, या दोहोंची एकत्र मोजणी करतात. विहिरीच्या पाण्यात निरनिराळ्या वयांचे प्रवाह मिसळलेले असल्याने, एका वायूच्या जबानीवर निकाल न देता दोन-तीन वायूंची साक्ष पडताळून पाहणे, हाच या क्षेत्रातील शिष्टसंमत रिवाज झाला आहे.

या सर्व तपशिलातून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते, आणि माझ्या मते नागरिकाने व शासनाने ती कायम मनात बाळगली पाहिजे. आपण हवेत, मातीत किंवा पाण्यात जे सोडतो ते त्याच दिवशी आपल्या पदरात पडत नाही. ते जमिनीतून दशकांनी आणि खोल समुद्रातून शतकांनी फिरून येते, आणि सुधारणेचे फळही त्याच मुदतीने मिळते. यास्तव विहिरीचे आजचे पाणी शुद्ध आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, व केलेल्या उपायाचा गुण तत्काळ दिसला नाही म्हणून तो सोडूनही देऊ नये. प्रथम त्या पाण्याचे वय विचारावे, आणि मगच त्याच्या गुणदोषांचा निवाडा करावा.

पुढील लेखांकात, दोन लाख वर्षांहून अधिक अर्धायुष्य असलेल्या क्रिप्टॉन-81 या वायूचे अणू लेसरच्या सापळ्यात एकेक करून कसे मोजतात, आणि सहाराच्या वाळूखालील न्युबियन जलधरातील लक्षावधी वर्षांच्या पाण्याचा काल त्यावरून कसा ठरला, हे पाहू.